टोपणनावाची उघडी वही: क्रिप्टोचे व्यवहार खरंच गुप्त असतात का?

क्रिप्टोबद्दलच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांबद्दलच्या, बातम्या ओळीने वाचल्या की डोकं चक्रावतं. एका बातमीत खंडणीखोर बिटकॉइनमध्ये पैसे मागतात, कारण म्हणे त्यांचा माग लागत नाही. दुसऱ्या बातमीत तपास यंत्रणांनी त्याच बिटकॉइनचा माग काढून ते जप्त केलेले असतात. मे २०२१मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीचे संगणक हॅकर्सनी ओलीस धरले. कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी मोजली आणि जेमतेम महिनाभरात अमेरिकी न्याय खात्याने त्यातले ६३.७ बिटकॉइन परत मिळवल्याचं जाहीर केलं. माग लागत नसेल, तर हे परत आले कुठून?

मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांत क्रिप्टोत पैसे घातलेले लोकही असतात. आपले व्यवहार कुणाला दिसत नाहीत अशी त्यांची पक्की समजूत असते, आणि हीच मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते. बँकेतल्या खात्याबद्दल माणूस जेवढा सावध असतो तेवढाही इथे नसतो, आणि उघडा पडतो तो मात्र कितीतरी जास्त.

टोपणनाव असणं म्हणजे निनावी असणं नव्हे

एखादं निनावी पत्र येतं. खाली सही नाही, पत्ता नाही. महिन्याभराने दुसरं येतं. दोन्ही एकाच माणसाने लिहिली का, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. याला निनावी म्हणतात.

आता टोपणनावाने लिहिणारा लेखक घ्या. त्याचं खरं नाव वाचकांना ठाऊक नसतं, पण वीस वर्षांतलं त्याचं सगळं लेखन एकाच नावाखाली गोळा झालेलं असतं. तो कुठल्या गावाबद्दल लिहितो, कुठल्या वर्षी गप्प होता, कुणाशी वाद घालतो, हे सारं समोर असतं. एके दिवशी प्रकाशकाच्या कचेरीतून कुणीतरी खरं नाव फोडतं. त्या क्षणी फक्त ताजा लेख त्या माणसाच्या नावावर जात नाही, आधीची वीस वर्षंही जातात. आणि त्यानंतर त्या टोपणनावाने लिहिलेली प्रत्येक ओळही.

बिटकॉइनचं अगदी असंच आहे. ते निनावी नाही, टोपणनावी आहे. एवढी एक गोष्ट नीट कळली की पुढचं सगळं सोपं होतं.

वहीत काय लिहिलेलं असतं

बँकेकडेही हिशेबाची वही असते. ती बंद असते, पण आत प्रत्येकाचं नाव लिहिलेलं असतं. बिटकॉइनमध्ये हे बरोबर उलटं आहे. वहीत नाव कुणाचंच नाही, पण वही जगासमोर सताड उघडी. या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. जगभरातल्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला नव्या नोंदींचं एक पान जोडलं जातं.

नोंदीत नावाच्या जागी ‘पत्ता’ असतो, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. त्या पत्त्यावरचे पैसे खर्च करायचे तर त्याची गुप्त किल्ली लागते. किल्लीही एक मोठा आकडाच असतो आणि तो फक्त मालकाकडे असायला हवा. या किल्ल्या सांभाळणाऱ्या ॲपला किंवा यंत्राला वॉलेट म्हणतात. पत्ता बनवायला कुणाची परवानगी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. ‘निनावी’ हा गैरसमज इथूनच सुरू झाला.

वही उघडी ठेवण्यामागे कारण आहे. मध्ये बँक नसेल, तर एकच नाणं कुणी दोन ठिकाणी खर्च करत नाही ना, हे पाहणार कोण? उत्तर असं की सगळ्यांनी सगळं पाहायचं. म्हणून ३ जानेवारी २००९ला पहिलं पान लिहिलं गेलं तेव्हापासूनची प्रत्येक नोंद आजही तिथे आहे. २२ मे २०१०ला एका अमेरिकी प्रोग्रामरने १० हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले होते. ती नोंद आज कुणीही फोनवर उघडून पाहू शकतो. कुठला पत्ता, किती रक्कम, किती वाजता, सगळं.

बिटकॉइनच्या जनकाने, म्हणजे सातोशी नाकामोतो या (पुन्हा टोपणनावच!) व्यक्तीने किंवा गटाने, हे लपवलेलं नव्हतं. ३१ ऑक्टोबर २००८ला प्रसिद्ध झालेल्या त्या नऊ पानी आराखड्यात गोपनीयतेवर वेगळा भाग आहे. प्रत्येक व्यवहाराला नवा पत्ता वापरा असा सल्ला त्यात आहे, आणि तरीही काही धागे जुळणारच असा स्पष्ट इशाराही आहे. हा इशारा फार कमी लोकांनी मनावर घेतला.

एक व्यवहार जवळून पाहू

धागे जुळतात म्हणजे नेमकं काय होतं, हे एका काल्पनिक व्यवहारावरून पाहू.

बिटकॉइनमध्ये शिल्लक एकाच आकड्यात साठत नाही. पाकिटात वेगवेगळ्या किमतीच्या नोटा असाव्यात तशी ती तुकड्यांत असते. समजा तुमच्याकडे एका पत्त्यावर ०.३ चा तुकडा आहे आणि दुसऱ्या पत्त्यावर ०.४५ चा. तुम्हाला कुणालातरी ०.५ द्यायचे आहेत. एकाने भागत नाही, म्हणून वॉलेट दोन्ही तुकडे काढतं. बेरीज ०.७५. त्यातले ०.५ समोरच्याला, ०.०००१ नोंदणीची फी आणि उरलेले ०.२४९९ तुमचेच सुट्टे. हे सुट्टे वॉलेट तुमच्याच एका कोऱ्या पत्त्यावर जमा करतं. तुम्हाला यातलं काही दिसतही नाही, तुम्ही फक्त ‘पाठवा’ दाबलेलं असतं.

आता हीच नोंद एखादा तिऱ्हाईत वाचतो. त्याला दोन पत्त्यांतून पैसे निघालेले दिसतात आणि दोन पत्त्यांवर गेलेले दिसतात. तो म्हणतो, दोन्ही तुकडे खर्च करायला दोन्ही किल्ल्या लागल्या, म्हणजे दोन्ही पाकिटं एकाच हाताने उघडली. एक धागा जुळला. मग तो पाहतो की बाहेर गेलेल्या रकमांत एक गोल आहे, ०.५, आणि दुसरी अडनिडी, ०.२४९९. किंमत बहुधा गोल असते, सुट्टे अडनिडे असतात. त्याचा संशय पक्का करायला आणखी एक गोष्ट मदतीला येते. समजा ०.२४९९ हीच खरी किंमत असती, तर ०.३चा एकटा तुकडा पुरला असता, दुसरा काढायची गरजच नव्हती. म्हणजे सुट्टे कुठले आणि दिलेले पैसे कुठले, हे ठरलं. तीन पत्ते तुमचे, चौथा दुसऱ्याचा.

एका नोंदीतून एवढं कळलं. आता हाच हिशेब संगणक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोट्यवधी नोंदींवर चालवतो. विखुरलेल्या पत्त्यांचे घोस तयार होतात, एकेक घोस म्हणजे एकेक मालक. नाव अजून कुणाचंच कळलेलं नाही. पण आता प्रत्येक घोसाला एकच नाव चिकटवायचं बाकी असतं.

नाव कुठून चिकटतं

सगळ्यात रुंद दार म्हणजे एक्स्चेंज, जिथे नेहमीचे पैसे देऊन क्रिप्टो विकत मिळतो. तिथे ओळखपत्र, फोटो, बँक खातं सगळं द्यावं लागतं. तुम्ही तिथून स्वतःच्या वॉलेटमध्ये बिटकॉइन काढून घेतले की एक्स्चेंजच्या दफ्तरात तुमचं नाव आणि तो पत्ता शेजारी-शेजारी बसतात. तपास यंत्रणेने रीतसर मागणी केली की ते दफ्तर उघडतं.

लहान दारंही बरीच आहेत. देणगीसाठी स्वतःचा पत्ता सोशल मीडियावर टाकला. काही विकत घेतलं आणि ते घरपोच मागवलं. फोनवरच्या साध्या वॉलेटने शिल्लक दाखवण्यासाठी तुमचे सगळे पत्ते एकाच सर्व्हरला विचारले, तेही तुमच्या इंटरनेट जोडणीच्या ओळखीसकट. यातली एक चूक पुरते.

२०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे करूनच दाखवलं. निरनिराळ्या एक्स्चेंजशी आणि दुकानांशी त्यांनी स्वतः शेकडो छोटे व्यवहार केले, समोरून कुठला पत्ता येतो ते टिपून ठेवलं आणि त्या आधारे मोठमोठ्या घोसांना नावं दिली. पुढे हेच काम धंदा म्हणून करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज सरकारं, बँका, एक्स्चेंज त्यांच्याकडून ही माहिती विकत घेतात.

या गैरसमजाला तपास अधिकारीही बळी पडले. अमली पदार्थांचा काळा बाजार चालवणारी ‘सिल्क रोड’ ही साइट ऑक्टोबर २०१३मध्ये बंद झाली. त्या तपासातल्याच दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी तपासादरम्यान बिटकॉइन लाटले होते. आपल्याला कोण पकडणार, असं त्यांना वाटलं असावं. वहीतल्या नोंदींनीच त्यांना पकडून दिलं आणि २०१५मध्ये दोघांनाही सहा-साडेसहा वर्षांच्या आसपास कैद झाली.

माझ्या मते सगळ्यात बोलकं प्रकरण बिटफिनेक्स या एक्स्चेंजवरच्या दरोड्याचं आहे. ऑगस्ट २०१६मध्ये तिथून १ लाख १९ हजारांहून अधिक बिटकॉइन चोरीला गेले. चोराने ते हजारो छोट्या व्यवहारांतून फिरवले आणि अल्फाबे नावाच्या काळ्या बाजारातून धुऊन काढायचा प्रयत्न केला. २०१७मध्ये पोलिसांनी अल्फाबेच जप्त केला आणि त्याच्या आतल्या हिशेबावर प्रकाश पडला. फेब्रुवारी २०२२मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका जोडप्याला अटक झाली. क्लाउडवर ठेवलेल्या एका कुलूपबंद फाइलमध्ये दोन हजारांवर पत्ते आणि त्यांच्या किल्ल्या सापडल्या. ९४ हजारांहून अधिक बिटकॉइन जप्त झाले. चोरी आणि अटक यांत साडेपाच वर्षं गेली. वही मधल्या काळात तिथेच होती, एकही ओळ न पुसता. चोरी केली तेव्हा अल्फाबे सुरक्षित वाटत होता. पुढे तो पडेल हे चोराला ठाऊक नव्हतं. वापरणाऱ्याला आजच्या साधनांचा अंदाज असतो, पण माग काढणाऱ्याकडे उद्याचीही साधनं असतात.

इथे एक खुलासा. पैसे कुठे आहेत हे दिसणं वेगळं आणि ते हाती येणं वेगळं. किल्ली मिळाल्याशिवाय जप्ती होत नाही. कोलोनियल प्रकरणातही एफबीआयने नोंदींचा माग काढत पत्ता गाठला, आणि त्या पत्त्याची किल्ली त्यांच्या हाती होती म्हणून रक्कम परत आली.

‘पण मी दर वेळी नवा पत्ता घेतो’

चांगली सवय आहे, जरूर ठेवा. पण वरचा व्यवहार आठवा. पत्ते तीन होते, तरी एकत्र खर्च केल्याने जुळले. वर्षभर वेगवेगळ्या पत्त्यांवर जमवलेले तुकडे एका मोठ्या खरेदीसाठी एकदम काढले, की वर्षभराची मेहनत त्या एका नोंदीत वाया जाते. हुशार वॉलेटं यासाठीच कुठला तुकडा खर्चायचा हे मालकाला निवडू देतात.

इथेरियम या बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या मोठ्या जाळ्यात (त्याच्या नाण्याला इथर म्हणतात) तर स्थिती आणखी वाईट आहे. तिथे बहुतेक लोक वर्षानुवर्षं एकच पत्ता वापरतात, काही जण त्याला वाचता येईल असं नावही घेतात आणि ते नाव अभिमानाने आपल्या ओळखीशेजारी लावतात. त्या माणसाने काय घेतलं, कधी तोट्यात विकलं, कुणाला उसने दिले, सगळं कुणीही वाचावं. मी पहिल्यांदा अशा एका पत्त्याच्या नोंदी चाळल्या तेव्हा दहा मिनिटांत पान बंद केलं. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं.

‘सगळ्यांचे पैसे एकत्र ढवळले तर?’

हा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो, कारण निनावीपणा एकट्याच्या बळावर मिळतच नाही. तो गर्दीत मिळतो. रिकाम्या रस्त्यावर मुखवटा घालून चालणारा एकटा माणूस सगळ्यात आधी नजरेत भरतो. हजार मुखवट्यांत तो हरवतो.

पैसे ढवळणाऱ्या सोयींना मिक्सर म्हणतात. जुने मिक्सर म्हणजे एखादा मध्यस्थ. सगळ्यांकडून बिटकॉइन घ्यायचा, एकत्र करायचा आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्यांचेच तुकडे परत द्यायचा. तो पळून गेला किंवा त्याने वही लिहून ठेवली, तर संपलं. २०१३मध्ये कॉइनजॉइनची कल्पना मांडली गेली. त्यात मध्यस्थाच्या हाती पैसे द्यावे लागत नाहीत. अनेक जण मिळून एकच सामाईक व्यवहार करतात आणि बाहेर सारख्याच रकमेचे तुकडे पडतात. कुठला कुणाचा, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. ‘एका नोंदीतली सगळी पाकिटं एकाच हाताची’ हा नियम इथे मोडतो.

इथेरियमवर टोर्नाडो कॅश या मिक्सरने आणखी पुढची पायरी गाठली. ठरलेल्या रकमेचेच, म्हणजे ०.१, १, १० किंवा १०० इथर, एका सामाईक हौदात टाकायचे. टाकताना एक गुप्त पावती मिळते. कालांतराने अगदी नव्या पत्त्यावरून, ‘या हौदात टाकणाऱ्यांपैकी मी एक आहे’ एवढंच सिद्ध करून तेवढेच इथर काढायचे. कुठला ‘एक’, ते सांगायचं नाही.

पण हौदात चोरही उतरले. उत्तर कोरियाशी जोडल्या गेलेल्या लाझरस या हॅकर टोळीने तो वापरल्याचं कारण देत ८ ऑगस्ट २०२२ला अमेरिकी अर्थखात्याने टोर्नाडो कॅशवर निर्बंध घातले. त्यानंतर कुणीतरी त्याच हौदातून ०.१ इथरचे तुकडे प्रसिद्ध व्यक्तींच्या जाहीर पत्त्यांवर पाठवून दिले. आलेले पैसे नाकारायची सोय क्रिप्टोत नाही, त्यामुळे ही मंडळी काहीही न करता निर्बंध मोडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली. नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने खात्याने अधिकाराची मर्यादा ओलांडली असा निकाल दिला आणि मार्च २०२५मध्ये निर्बंध उठले. टोर्नाडो कॅश लिहिणाऱ्या प्रोग्रामरवरचे खटले मात्र वेगळे चालले. एकाला नेदरलँड्समध्ये २०२४मध्ये ६४ महिन्यांची शिक्षा झाली, दुसऱ्याला अमेरिकेत ऑगस्ट २०२५मध्ये परवान्याविना पैसे हस्तांतराच्या धंद्याचा कट केल्याच्या आरोपात दोषी ठरवलं गेलं.

वहीच झाकली तर?

काही चलनांनी मुळातच वेगळी वही बनवली. २०१४पासून चालू असलेल्या मोनेरोत तीन गोष्टी झाकल्या जातात. पैसे पाठवणारा एकटा सही करत नाही. त्याच्या सहीबरोबर १५ इतर जुन्या तुकड्यांचे हवाले जोडले जातात, आणि सोळांपैकी खरा कुठला हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. घेणाऱ्याचा पत्ता वहीत येतच नाही. त्याच्या जागी दर वेळी एकदाच वापरायचा पत्ता तयार होतो. रक्कमही झाकलेली, तरी बेरीज-वजाबाकी जुळते हे गणिताने तपासता येतं. हे सगळं सक्तीचं आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत सोबतीचे तुकडे जोडणं ऐच्छिक होतं. अनेकांनी ते जोडले नाहीत, आणि त्या काळातले बरेच व्यवहार नंतर संशोधकांनी उलगडले. ज्यांनी जोडले होते त्यांचंही नुकसान झालं, कारण गर्दीतली माणसं एकेक करून ओळखू येऊ लागली.

२०१६मध्ये आलेल्या झीकॅशची वाट निराळी आहे. ती ‘शून्य-ज्ञान सिद्धता’ या गणिती युक्तीवर चालते. युक्ती ऐकायला जादू वाटते, पण आहे साधी. तुम्ही म्हणता की या तिजोरीचा आकडा मला ठाऊक आहे. मला खात्री हवी आहे, आणि तुम्हाला आकडा सांगायचा नाही. मी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती फटीतून तिजोरीत टाकतो आणि पाठ फिरवतो. तुम्ही तिजोरी उघडून चिठ्ठी वाचून दाखवता. आकड्यातलं एक अक्षरही मला कळलं नाही, पण तो तुम्हाला येतो याबद्दल शंका उरली नाही. ही कल्पना १९८५मध्ये तीन संगणकशास्त्रज्ञांनी मांडली. झीकॅशमध्ये तिच्या आधारे सिद्ध होतं की पैसे तुमचेच आहेत आणि तुम्ही ते आधी खर्चलेले नाहीत. कोण, कुणाला, किती हे मात्र झाकलेलं राहतं.

अडचण अशी की झीकॅशमध्ये उघडे पत्तेही आहेत आणि झाकणं ऐच्छिक आहे. लोक उघड्या बाजूने एक अडनिडी रक्कम आत नेत आणि थोड्या वेळाने तेवढीच बाहेर काढत. २०१८मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा जोड्या लावून दाखवल्या. गणित कुठेही फुटलं नव्हतं, वापरणाऱ्यांनीच खुणा सोडल्या होत्या.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर काळजी कशाला?’

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

पगार क्रिप्टोत घेणारा एक कर्मचारी घ्या. तो मित्राला जेवणाच्या बिलातला आपला वाटा पाठवतो. मित्राला पाठवणाऱ्याचा पत्ता दिसतो, तिथून मागे जाता पगार दिसतो, शिल्लक दिसते, औषधांचा खर्च दिसतो. घरमालकाला भाडं पाठवलं तर घरमालकालाही हे दिसतं, आणि पुढच्या वर्षी भाडं किती वाढवता येईल हेही त्याला कळतं. छोट्या व्यावसायिकाचे पुरवठादार कोण आणि तो त्यांना काय भाव देतो, हे प्रतिस्पर्ध्याला वाचता येतं. यात लपवण्यासारखा गुन्हा कुठे आहे? चारचौघांत आपलं पासबुक उघडं टाकून कुणी फिरत नाही, आणि त्याबद्दल त्याच्यावर कुणी संशयही घेत नाही.

शिवाय प्रश्न फक्त आपल्यापुरता नसतो. रशियाच्या आक्रमणानंतर युक्रेनला देणगी देताना आपण टोर्नाडो कॅश वापरला, असं इथेरियमचे निर्माते व्हिटालिक ब्युटेरिन यांनी २०२२मध्ये जाहीरपणे सांगितलं. स्वतःला नव्हे, घेणाऱ्यांना जपण्यासाठी.

आणि मग जिवाचा प्रश्न आहे. २०२०मध्ये क्रिप्टोच्या किल्ल्या ठेवण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीकडची सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर फुटून सगळ्यांसमोर आले. आता ही यादी आणि ती उघडी वही शेजारी ठेवा. कुणाच्या घरात श्रीमंती आहे याचा अंदाज करायला पाळत ठेवायची गरज उरत नाही. मारहाण करून, ओलीस धरून किल्ली मागितल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. ज्याने काहीच वावगं केलेलं नाही अशा माणसाला याची किंमत मोजावी लागते, आणि यासाठीच मला ‘लपवण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न अपुरा वाटतो.

‘मग गुन्हेगारांचं फावणार नाही का?’

थोडंफार फावेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. खंडणीत गमावलेला पैसा हा कुणाच्या तरी रुग्णालयाचा, शाळेचा असतो. सरकारांची चिंता खोटी नाही. २०१९मध्ये एफएटीएफ या, काळा पैसा धुण्याविरुद्ध नियम ठरवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय संस्थेने एक्स्चेंजनी पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख एकमेकांना कळवावी असा दंडक घातला. युरोपीय संघात १० जुलै २०२७पासून एक्स्चेंज आणि तत्सम कंपन्यांना निनावी खाती आणि ओळख झाकणारी चलनं हाताळायला बंदी असेल. स्वतःच्या वॉलेटमध्ये ती ठेवण्यावर ही बंदी नाही.

पण दुसरी बाजूही पाहावी लागते. पत्त्यांचे घोस बांधणं हा अंदाज असतो, कितीही हुशारीचा असला तरी. कॉइनजॉइन ओळखता आला नाही तर अनोळखी माणसं एका घोसात कोंबली जातात. ‘बिटकॉइन फॉग’ या मिक्सरच्या खटल्यात बचाव पक्षाने हाच मुद्दा लावून धरला होता की माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चुकीचं प्रमाण कुणी तपासलं आहे का. ज्युरीने २०२४मध्ये आरोपीला दोषी ठरवलं, तरी प्रश्न रास्तच आहे. कारण सामान्य माणसाला हे न्यायालयात कळत नाही. एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर त्याच्या नाण्यांवर ‘धोक्याची’ खूण करतं, खातं गोठतं, आणि चार हात आधी ते नाणं कुणाकडे होतं याचा जाब त्याला विचारला जातो. डॉलरच्या किमतीला बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये तर चलन काढणारी कंपनी थेट पत्ताच गोठवू शकते.

मधला मार्ग नाही असं नाही. मोनेरो आणि झीकॅश दोन्हींत ‘पाहण्याची किल्ली’ देता येते. हिशेब तपासणाऱ्याला किंवा करखात्याला ती दिली की त्याला नोंदी दिसतात, पैसे मात्र हलवता येत नाहीत. मला हीच दिशा पटते. कुणाला किती दाखवायचं हे मालकाने ठरवावं, आणि कायद्याने मागितलं तर कारण देऊन मागावं.

आत्ता ज्याच्याकडे क्रिप्टो आहे त्याने

आपला एक पत्ता कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ही वही वाचून दाखवणाऱ्या साइटवर, टाकून पाहा. काय दिसतं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुणालाही पत्ता देताना नवा द्या. एक्स्चेंजवरून आलेले तुकडे आणि ओळखीशी न जोडलेले तुकडे एका व्यवहारात खर्चू नका. अनोळखी पत्त्यावरून नगण्य रक्कम आली तर ती तशीच राहू द्या. ती इतर तुकड्यांबरोबर खर्च झाली की पाठवणाऱ्याला तुमचे पत्ते जोडता येतात, आणि कित्येकदा ती पाठवलेली असते ती त्यासाठीच. आणि शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट कुठेही टाकू नका. त्यातला अचूक आकडा आणि वेळ एवढ्यावरून वहीतला नेमका पत्ता शोधता येतो.